चुंबकाला न चिकटलेले मणी

गल्लीत ती सगळ्यांची मावशी. तिच्याहून वयानं मोठ्या बायकासुद्धा पार्लरच्या दारातून डोकं आत घालून "मावशी, गर्दी आहे का?" असं विचारायच्या आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. सख्खी मावशी मात्र ती एकीचीच होती, छोटीची. ही छोटी म्हणजे पंधरा वर्षांची ताडमाड मुलगी, आईच्या डोक्यावरून पलीकडचं बघणारी. पण घरात नाव एकदा पडलं की पडलं, माणूस वाढला म्हणून ते वाढत नाही.

मावशीचे पुढचे दोन दात लहानपणापासूनच ओठांच्या बाहेर राहायला गेलेले. शाळेत तिला फावडी म्हणायचे. थोरल्या बहिणीनं, म्हणजे ताईनं, त्यापायी एका मुलाचं दप्तर गटारात बुडवलं होतं आणि वर त्याच्याच आईशी भांडून आली होती. तेव्हापासून मावशीला दोन सवयी लागल्या. काही झालं की ताईकडे बघायचं आणि हसताना तोंडावर हात धरायचा. दुसरी सवय एवढी मुरली की फोनवर बोलतानाही हसू आलं तर हात आपोआप वर जायचा. पलीकडच्याला काय दिसणार होतं, देव जाणे.

गंमत अशी, की याच दातांनी तिला पोटापाण्याला लावलं. भुवया कोरायच्या तर दोऱ्याचं एक टोक दातांत घट्ट धरावं लागतं, आणि मावशीच्या दातांसारखी पकड दुसऱ्या कुणाची नव्हती. दोरा जागचा हलायचा नाही, त्यामुळे भुवई आखल्यासारखी यायची. दुसऱ्या गल्लीत नवं पार्लर झालं, गार हवेचं, मोठ्या आरशांचं. तरी भुवयांना बायका हिच्याकडेच यायच्या. "चेहरा तिकडे, भुवया इकडे," असं म्हणत खुर्चीत बसायच्या.

तर अशा या बाईकडे माल पुरवणारा एक माणूस यायचा. मेण, ब्लीच, नखांचे रंग असं सगळं पिशवीत घालून फिरायचा आणि जिभेवर साखर ठेवून बोलायचा. त्यानं एके दिवशी चपटा डबा काढला. डब्यावर पांढऱ्या कोटातला हसरा डॉक्टर, खाली एका मोठ्या कंपनीचं नाव. नावात एक अक्षर जरा वेगळं होतं, पण डब्यावरची अक्षरं कोण लावत बसतं? आत बारीक तार, तारेत ओवायचे चंदेरी मणी आणि दोन्ही सुळ्यांवर लावायला गुलाबी फुलं.

"दातांच्या तारा आहेत मावशी. डॉक्टर लावतात तोच माल. फक्त डॉक्टर वजा."

"दातांना काही झालं तर?"

"स्टीलला काय होतंय? तुम्ही जेवता ना स्टीलच्या ताटात?"

मावशी भोळी नव्हती. खुर्चीखाली सांडलेल्या केसांच्या पिना गोळा करायला तिच्याकडे एक गोल चुंबक होता. तो तिनं मण्यांवरून फिरवला. तिची आई भांड्यांच्या दुकानात हेच करायची. चुंबक चिकटला की भांडं हलकं म्हणून परत खाली, नाही चिकटला तर अस्सल. मणी चुंबकाकडे ढुंकूनही बघेनात. मावशीची खात्री पटली. राहिला प्रश्न चिकटवायचा. डब्यातली ट्यूब तिला पाणचट वाटली, म्हणून तिनं नकली नखं चिकटवायचा गोंद घ्यायचं ठरवलं. नकली पापण्या चिकटवण्याचा गोंद डोळ्याला चालतो, त्याचा भाऊच हा. आणि डोळ्यापेक्षा दात नाजूक थोडाच असतो? पार्लरवालीनंच करावा असा हा हिशेब. तिच्या साऱ्या कामात जे जे नाजूक ते डोळ्याजवळ, त्याच्यापुढे बाकी सगळं राकट.

पहिल्यांदा तिनं तारा स्वतःलाच लावल्या. संध्याकाळी दार लोटून, आरशासमोर उभं राहून, एकेक मणी. लावून झाल्यावर ती बराच वेळ आरशात दात विचकून बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच बघत होती. आता हे दात आत जाणार या कल्पनेनंच तिला रडू आलं. लोकांना मात्र तारा दिसल्या नाहीत. तोंडावर हात होताच, भुवया करताना गिऱ्हाइकाचे डोळे मिटलेले, आणि एरवी मास्क असायचा.

छोटीला दिसल्या. छोटीपासून काही लपत नाही. आणि घराण्याचे दात छोटीकडेही उतरले होते, मावशीएवढे नाही, पण उतरले होते. दातांच्या डॉक्टरांनी दोन वर्षांच्या उपचारांचा आकडा सांगितला तेव्हा कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवर उभी राहणारी तिची आई, म्हणजे ताई, म्हणाली होती, "पुढच्या वर्षी बघू." तसं ते ठीकच होतं. पण एका दुपारी छोटी पार्लरमध्ये आली आणि खुर्चीत बसून म्हणाली, "मावशी, वर्गातली मुलं मला फावडी म्हणतात."

तोच शब्द. इतक्या वर्षांत कुणाला दुसरा शब्द सुचला नव्हता. मावशीनं डबा काढला.

ताईला सांगितलं, ओळखीच्या डॉक्टरांनी लावल्या, माझ्या गिऱ्हाईकाचे दीर आहेत, कमी घेतात. ताईनं छोटीची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, मणी बघितले, आणि डोळे पुसत म्हणाली, "मला जमलं नसतं ते तू केलंस." कारखान्यात तिनं ही गोष्ट दोन-तीनदा तरी सांगितली. मावशी हसली, तोंडावर हात ठेवून. पुढं हौसेनं आणखी काही मुलींनी तारा लावून घेतल्या. मावशीनं लावल्या.

मग मावशीच्या हिरड्या सुजायला लागल्या. तोंडात सतत चिल्लर धरल्यासारखी चव. मण्यांची चंदेरी चमक उडून खालून काळपट काहीतरी डोकावू लागलं. दोरा दातांत धरला की कळ थेट कानापर्यंत. तिनं दोरा बाजूच्या दातांत धरायला सुरुवात केली. हे सगळं तिला कळत होतं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला? आणि छोटीला तर काही त्रास नव्हता. ती खोटं बोलत होती, मावशीचं मन राखायला. हे नंतर कळलं.

त्या दिवशी खुर्चीत एक बाई होती, एक भुवई झालेली, एक व्हायची. छोटी शाळेतून थेट आली आणि दारातच खोकायला लागली. डोळ्यांत पाणी, गाल लाल.

"मावशी, मणी गेला."

डबा खाताना मैत्रिणीनं काहीतरी विनोद केला, छोटी तोंडात घास असताना हसली आणि ठसका लागला. तेव्हापासून खोकला थांबत नव्हता. जीभ फिरवून बघितलं तर समोरच्या एका दातावरचा मणी नाही आणि तारेचं टोक गालात रुततंय.

मावशीनं अर्ध्या भुवईच्या बाईला पाणी आणायला म्हणून बाहेर पाठवलं, छोटीला खुर्चीत बसवलं आणि केळं खायला दिलं. काही गिळलं की केळं खायचं, ते घेऊन खाली जातं, हे तिनं ऐकलेलं. छोटीनं खाल्लं. खोकला तसाच राहिला, फक्त आता त्याच्यामागून शिट्टीसारखा बारीक आवाज यायला लागला.

"दवाखान्यात जाऊ," मावशी म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिला दिसलं की तिथला डॉक्टर छोटीला आ करायला सांगणार, मग विचारणार, हे कुणी लावलं? आणि ताई तिथंच उभी असणार.

मग तिनं जे केलं ते घाईत केलं आणि फार वाईट केलं. नखांची कातडी कापायची कात्री आणि भुवयांचा चिमटा घेऊन छोटीच्या दातांवरचं एकेक ओढून काढलं. मणी वाटीत टाकले, तार कापून वाटीत टाकली. गोंद दाताला असा बसला होता की एका दाताचा टवका निघाला. छोटी "आई गं" म्हणाली, पण तोंड मिटलं नाही. मावशी सांगेल तोवर ती आ करूनच बसली.

"आईला काय सांगायचं?" छोटीनं विचारलं.

"डॉक्टरांनी आज सकाळी उतरवल्या, नव्या बसवायच्या होत्या. एक मणी राहिला होता, तोच गेला. एवढंच सांगायचं."

"एकच मणी," छोटी म्हणाली. ती मावशीसाठी काहीही म्हणाली असती.

इस्पितळात गर्दी होती. ताई कारखान्यातून तशीच आली, अंगाला वाफेचा आणि कांजीचा वास. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, घाईत होत्या, पण बोलायला बऱ्या होत्या. काय गिळलं विचारल्यावर ताईनंच उत्तर दिलं. दातांच्या तारेचा मणी, ओळखीच्या डॉक्टरांनी लावलेला. मावशीनं मान हलवली. छोटीनंही हलवली.

"मणी एकच?"

"एकच," तिघी म्हणाल्या. ताई मनापासून म्हणाली आणि तिचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

एक्स-रे झाला. डॉक्टर मॅडमनी तो पडद्यावर दाखवला. बरगड्यांच्या खाली, पोटात, एक छोटा पांढरा ठिपका. "हा बघा. सापडला. फुप्फुसात गेला असता तर पंचाईत होती. दातांचे डॉक्टर वापरतात ते स्टील चांगलं असतं, त्याचं काही होत नाही. दोन-तीन दिवसांत आपोआप बाहेर पडेल. खोकला घसा खरवडल्यामुळे असेल, औषध देते. घरी जा."

ताईनं एवढा मोठा श्वास सोडला की शेजारच्या बाकावरचा म्हातारा वळून बघायला लागला. "बघ, उगाच जीव टांगणीला लावलास," ती छोटीला म्हणाली आणि खाली वाकून तिच्या चपला सरळ करायला लागली.

सुटलो, असं मावशीला वाटलं. खरंच वाटलं, आणि ते वाटलं याची तिला पुढं जन्मभर लाज वाटत राहिली. कारण त्याच क्षणी छोटी खोकली, आणि खोकल्यामागून ती शिट्टी आली.

मावशीच्या डोळ्यांसमोर वाटी उभी राहिली. ती काम विसरत नाही. कुणाच्या भुवईचा कुठला केस पांढरा आहे तेही तिच्या बोटांना आठवतं. आधी डावा सुळा, चिमट्यानं फूल उचललं, वाटीत टाकलं. गुलाबी. मग मणी, मणी, मणी. मग उजवा सुळा. उजव्या सुळ्यावर तिनं चिमटा लावला तेव्हा तो नुसताच घसरला. तिथं धरायला काही नव्हतं. घाईत ती तशीच पुढं गेली होती. वाटीत फूल एकच होतं.

डॉक्टरांनी मण्याचं विचारलं होतं. मणी एकच गेला होता, आणि सापडला होता. फुलाचं कुणी विचारलंच नव्हतं, कारण खऱ्या तारांना फुलं नसतात.

बोललं तर पार्लर गेलं. ते परत उभं राहील किंवा न राहील. पण बोललं तर ताई गेली, आणि दुसरी ताई कुठून आणायची? प्लास्टिकचं तर फूल, जाईल पोटात, पडेल बाहेर, असंही एक मन म्हणालं. ते मन त्या माल पुरवणाऱ्यासारखंच बोलत होतं, जिभेवर साखर ठेवून. चपला घालून छोटी उठली, दोन पावलं चालली आणि भिंतीला हात लावून थांबली. तिनं मावशीकडे बघितलं आणि हसायचा प्रयत्न केला. काही होत नाही, असं सांगायला.

"मॅडम," मावशी म्हणाली. "थांबा जरा."

तिनं मास्क काढला. हात सवयीनं वर आला, तो तिनं दुसऱ्या हातानं धरून खाली ओढला. आणि त्या दिव्याच्या उजेडात, डॉक्टरसमोर, बाकावरच्या म्हाताऱ्यासमोर, ताईसमोर तिनं तोंड उघडलं. काळपटलेले मणी, सुजलेल्या हिरड्या, आणि सुळ्यावर फूल.

"हेच लावलं होतं तिला. दातांचा डॉक्टर नव्हताच कुणी. मी लावलं, नखांच्या गोंदानं. आणि मघाशी मीच ओढून काढलं. हे फूल बघा, हे प्लास्टिकचं आहे. तिचं उजवं फूल नाहीये. ते तुमच्या फोटोत दिसतं का?"

डॉक्टर मॅडमनी वाकून ते फूल निरखलं. "नाही," त्या म्हणाल्या. "प्लास्टिक नाही दिसत." तोवर त्यांनी छोटीला परत पलंगावर बसवलं होतं आणि छाती तपासायची नळी तिच्या पाठीला लावली होती. डावीकडे लावली, उजवीकडे लावली, पुन्हा उजवीकडे. त्यांचा चेहरा बदललेला ताईनंही पाहिला.

"उजवीकडे हवा नीट जात नाहीये. भूल द्यावी लागेल, दुर्बीण घालून बघायचंय. आणि तो मणी कशाचा आहे?"

"स्टीलचा," मावशी म्हणाली. "चुंबक लावून बघितला होता मी. चिकटला नाही."

"शिसंही चुंबकाला चिकटत नाही हो," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच मावशीला जास्त लागलं. "शिसं असलं तर ते पोटातल्या आंबटात विरघळतं आणि रक्तात जातं. तोही आज काढायचा. शेवटचं काय खाल्लंय तिनं, आणि कधी?"

मावशीनं केळ्याचं सांगितलं. पोटात अन्न असताना भूल देणं धोक्याचं, पण थांबणंही तसंच, असं काहीतरी त्या शेजारच्या डॉक्टरांशी बोलल्या. सह्या घेतल्या. पलंगाची चाकं खडखडत दाराआड गेली.

बाहेर बाकावर दोघी बहिणी बसल्या. मध्ये एका माणसाची जागा मोकळी. ताईचे हात मांडीवर होते, इस्त्रीनं भाजलेल्या जुन्या डागांचे. मावशी वाट बघत होती. ओरडेल, मारेल, काहीतरी करेल. लहानपणी ताई रागावली की आधी हात उचलायची, मग रडायची, मग जेवायला वाढायची. तेवढं झालं असतं तरी चाललं असतं. दाराआड कुणीतरी पावलं वाजवत पळालं. नंतर काहीच ऐकू आलं नाही, आणि ते पळण्यापेक्षा वाईट होतं.

शेवटी ताई दाराकडे बघतच म्हणाली, "मी सगळ्या कारखान्यात सांगत फिरले, माझी बहीण म्हणून."

त्यानंतर ती मावशीशी बोलली नाही.

दार उघडलं तेव्हा डॉक्टर मॅडमच्या हातात एक झाकणाची बाटली होती. तळाशी काळा मणी आणि गुलाबी फूल. फूल उजव्या फुप्फुसाच्या श्वासनळीत आडवं अडकलं होतं. रात्र घरी काढली असती तर काय झालं असतं ते त्यांनी सांगायला सुरुवात केली, मग ताईकडे बघून थांबल्या. "मुलगी ठीक आहे," एवढंच म्हणाल्या. ताई आत गेली. मावशी दारातच राहिली. तिला आत बोलावणारं कुणी नव्हतं, आणि आपणहून जायचं तोंड तिला नव्हतं.

पुढचं थोडक्यात. ज्यांना ज्यांना तारा लावल्या त्या मुलींच्या घरी मावशी स्वतः गेली. "हात लावू नका, ओढू नका, दातांच्या डॉक्टरांकडूनच काढून घ्या," असं प्रत्येक दारात सांगितलं आणि दारात मिळालं ते ऐकून घेतलं. एकीच्या आजोबांनी तिला जिन्यावरून उतरेपर्यंत शिव्या दिल्या. एकीच्या आईनं पाणी दिलं. माल पुरवणाऱ्याचा फोन बंद लागू लागला. तिनं डब्यातला उरलेला माल आणि त्याचं वर्णन चौकीत नेऊन दिलं. तिथं तिलाही बरंच विचारलं, तिनं सगळं सांगितलं.

तिच्या स्वतःच्या तारा दातांच्या डॉक्टरांनी उतरवल्या. हे कशाचं बनवलंय ते बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही, असं म्हणाले. हिरड्या सुधारल्या, पण पुढचे ते दोन दात मुळातून सुटले होते. काढावे लागले. जन्मभर जे आत जावेत म्हणून ती झुरली ते कायमचेच गेले. हसताना तोंडावर हात ठेवायची सवय मोडावी असंही आता काही कारण उरलं नाही.

पार्लर बंद झालं नाही, पण रिकामं झालं. दोरा दातांत धरला की फटीतून सटकायचा. बाजूच्या दातांत धरला की भुवई तिरकी यायची. गळ्यात अडकवून करणाऱ्या बायका असतात, तसंही तिनं करून पाहिलं. हात ऐकेनात. आलेली गिऱ्हाइकं गार हवेच्या पार्लरकडे वळली, भुवयांसकट.

ताई येत नव्हती. छोटी एकदा बाहेरून खिडकीशी येऊन गेली, काचेवर बोटं वाजवली आणि पळाली. एवढंच.

मग एका सकाळी दार ढकलून ताई आत आली. मागून छोटी. टवका उडालेल्या दातावर डॉक्टरांनी काहीतरी पांढरं भरलं होतं. ताईनं छोटीचा खांदा धरून तिला खुर्चीत बसवलं. मावशीकडे बघितलं नाही.

"शाळेत फोटो काढणार आहेत," छोटीनंच सांगितलं. "आई म्हणाली, भुवया करून घे."

मावशीनं दोरा घेतला. टोक दातांत धरलं, ते फटीतून निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. छोटी डोळे मिटून शांत बसली होती, त्या दिवशी आ करून बसली होती तशीच, विश्वासानं. मावशीला पुढं काही दिसेना. दोरा तिच्या हातातून खाली सरकला.

ताई भिंतीला टेकून बघत होती. ती पुढं आली, वाकून दोऱ्याचं टोक उचललं, ओढणीला पुसलं आणि स्वतःच्या दातांत घट्ट धरलं. मग मावशीच्या खांद्याशी आली आणि मान थोडी तिरकी करून दोरा ताणला.

मावशीनं बोटांवर पीळ घातला आणि काम सुरू केलं. दोरा अजिबात हलत नव्हता. तोंडात दोरा असला की बोलता येत नाही, त्यामुळे ताई अजूनही काही बोलली नाही.